फ्लिंट म्हणजे गारगोटी

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्याचं ठरलं तेव्हा संयोजकांनी मला विषय सुचवला होता, ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं’. मी म्हटलं, त्यावर ऑफिसात रोज ऐकते, गावात तरी सुटका करा. मला एका जुन्या कादंबरीमालेबद्दल बोलायचंय. त्यात ड्रॅगन आहेत, बुटके आहेत, जादूगार आहेत. पलीकडे क्षणभर शांतता. मग उत्तर आलं, “बोल बाई, पण वीस मिनिटांत आटप. मागे पंगत आहे.” तेव्हा तांबड्या-पांढऱ्याच्या आड मी येणार नाही, हे आधीच सांगून टाकते.

आणखी एक सांगते. गोष्ट सुरू होते पुण्यात, मध्ये अमेरिकेला जाऊन येते, आणि संपते आपल्या शाळेमागच्या चिंचेखाली. त्यामुळे मध्येच ‘ही काय बोलतेय’ असं वाटलं तरी थोडा दम धरा.

१९९८ साल. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, पुण्यात होस्टेलवर. आपण सगळे मराठी माध्यमाचे. वर्गात शिकवलेलं कळायचं, पण प्रश्न विचारायला तोंड उघडायची छाती होत नव्हती. एकदा ‘रिसीट’ या शब्दातला मुका ‘पी’ मी मोठ्याने उच्चारला, त्यावर खोलीतल्या मुली महिनाभर हसत होत्या. त्या काही वाईट नव्हत्या. पण मी रात्री पांघरुणात तोंड घालून ठरवलं की इंग्रजी वाचायचंच, काहीही वाचायचं.

रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक जाडजूड पुस्तक मिळालं. मुखपृष्ठावर एक दाढीवाला, एक मिशावाला, हातात काठी घेतलेली एक बाई आणि मागे ड्रॅगन. तीस रुपये. आपण रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘चंद्रकांता’ बघून क्रूरसिंहासारखं ‘यक्कू’ करत फिरलेली पिढी. लायब्ररीच्या कपाटातल्या नाथमाधवांच्या ‘वीरधवल’साठी नंबर लावलेली. असलं मुखपृष्ठ दिसल्यावर हात पुढे जाणारच. पुस्तकाचं नाव होतं ‘ड्रॅगन्स ऑफ ऑटम ट्वायलाइट’. लेखक दोघं, मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन. बाईचं नाव आधी छापलंय, हेही मला आवडलं होतं.

खोलीवर येऊन शब्दकोश मांडीवर घेऊन बसले. सुरुवातीलाच एक म्हातारा बुटका धापा टाकत येतो आणि शेवाळलेल्या दगडावर बसतो. त्याचं नाव फ्लिंट. नावाला अर्थ असेल म्हणून शब्दकोश उघडला. फ्लिंट : गारगोटी, चकमकीचा दगड. मी कोश मिटला, परत उघडला. गारगोटीच होतं! त्या होस्टेलवर आमचं गाव कुणाला माहीत नव्हतं. ‘कोल्हापूरच्या पुढे’ एवढंच मी सांगायचे. आणि इथे एका इंग्रजी कादंबरीच्या दारात, गारगोटी नावाचा एक म्हातारा दगडावर बसून कुणाची तरी वाट बघत होता. मग ते पुस्तक सोडणं शक्यच नव्हतं.

तो वाट कुणाची बघत होता? मित्राची. पाच वर्षांपूर्वी काही मित्र वेगळे झालेले असतात. पाच वर्षांनी याच सराईत भेटायचं, असा शब्द देऊन गेलेले असतात. ती सराई एका प्रचंड झाडावर बांधलेली, नाव ‘शेवटच्या घराची सराई’. म्हणजे सगळी मालिका सुरू होते ती स्नेहमेळाव्याने. कोण कुठे होतं, कोण थकलं, कुणाची अजून जिरली नाही, अशा गप्पा. आणि आपल्याकडे होतं तेच तिथेही होतं, सगळे येत नाहीत. किटियारा नावाची मैत्रीण नुसता निरोप पाठवते, काम आहे, जमत नाही. तिचं नाव लक्षात ठेवा.

आता थोडं अमेरिकेला जाऊ. या कादंबऱ्या जन्मल्या एका खेळातून. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ बाजारात आला. टेबलाभोवती बसून खेळायचा. पण सारीपाट किंवा बुद्धिबळासारखी हारजीत त्यात नाही. एकजण सूत्रधार. तो सांगतो, “तुम्ही गुहेच्या तोंडाशी आहात, आतून घुरघुर ऐकू येतेय.” बाकीच्यांनी एकेक पात्र घेतलेलं असतं, कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. प्रत्येकाने आपलं पात्र काय करणार ते सांगायचं. जमेल की नाही अशी शंका असेल तर फासा टाकायचा. त्यांचा मुख्य फासा वीस बाजूंचा असतो. फाशावरचा आकडा आणि पात्राची कुवत यांची बेरीज करायची आणि सूत्रधाराने पुढची गोष्ट सांगायची. एवढाच खेळ.

ट्रेसी हिकमनला या खेळाच्या कंपनीत नोकरी लागली. नवरा-बायको गाडीने विस्कॉन्सिनला निघाले आणि त्या लांबच्या प्रवासात दोघांनी मिळून ड्रॅगन्सच्या युद्धाची ही कल्पना रचली. १९८४ साली तिच्यावर खेळाच्या पुस्तिका निघू लागल्या आणि सोबत कादंबऱ्याही हव्यात असं ठरलं. लिहायला आधी दुसरा लेखक नेमला होता, तो जमला नाही. मग संपादनाचं काम करणाऱ्या मार्गारेट वाइस आणि हिकमन यांनी स्वतःच लिहायला घेतलं. पहिला भाग १९८४ चा, पुढचे दोन १९८५ चे, आणि १९८६ मध्ये त्यातल्या जुळ्या भावांवर आणखी तीन. या मालिकेचं नाव ‘ड्रॅगनलान्स’.

त्या जुळ्या भावांपैकी एक, रेस्टलिन, जादूगार. तो घोगऱ्या आवाजात कुजबुजत बोलतो. तो आवाजही खेळातूनच आला. कंपनीतले लोक एकदा खेळायला बसले असताना, ज्याच्या वाट्याला रेस्टलिन आला होता तो अचानक तसा बोलला, आणि पात्र तिथेच ठरून गेलं.

या रेस्टलिनने माझी होस्टेलची वर्षं व्यापली होती. तो जन्मापासून अशक्त. गावातली पोरं त्याला मारायची आणि भाऊ कॅरमन, दांडगा पैलवान गडी, मध्ये पडायचा. पुढे जादूगारांच्या परीक्षेत तो पास होतो, पण किंमत म्हणून शरीर मोडतं. कातडी सोन्याच्या रंगाची होते, खोकल्यात रक्त पडतं, आणि डोळ्यांच्या बाहुल्या वाळूच्या घड्याळासारख्या होतात. त्या डोळ्यांना समोरचा प्रत्येक माणूस म्हातारा होत, झिजत जाताना दिसतो. सगळ्यांत हुशार, सगळ्यांत एकटा. एकोणीस वर्षांच्या, ‘पी’ चुकवलेल्या मुलीला दुसरं कोण आवडणार! कॅरमन मला मठ्ठ वाटायचा. भावाला उचलून नेणं, त्याचा काढा उकळून देणं, शिव्या खाणं, एवढंच त्याचं काम.

गंमत म्हणजे पहिल्या भागानंतर मला तिसराच मिळाला. दुसरा बाजारात दिसेना. तिसऱ्या भागात जहाज भोवऱ्यात सापडतं आणि रेस्टलिन जादूच्या गोळ्याच्या बळावर एकटा निसटतो, भावाला आणि मित्रांना बुडायला ठेवून. मी तेव्हा त्याची बाजू घेतली होती. एवढी बुद्धी घेऊन बुडून काय करायचं, असं मला वाटलं होतं.

पुढे नोकरी, लग्न, मुलगा. पुस्तकं माळ्यावर गेली.

गेल्या वर्षी मुलाने आणि त्याच्या मित्रांनी हाच खेळ सुरू केला, शनिवारी संध्याकाळी, आमच्या जेवणाच्या टेबलावर. एका शनिवारी एक मुलगा तापाने आला नाही, म्हणून मला बसवलं. मी जादूगार झाले. दुसऱ्या फाशालाच खंदकात पडले. पोरं हसली, मीही हसले. त्या रात्री माळ्यावर चढून पुस्तकं काढली आणि सव्वीस वर्षांनी परत वाचायला घेतली. आजचं भाषण खरं म्हणजे त्या दुसऱ्या वाचनाचं आहे.

पहिली गोष्ट, मला आता पुस्तकात फाशांचा आवाज येतो. पहिल्या भागात खोली, मग जिना, मग लढाई, मग खजिना, परत खोली. खेळाच्या पुस्तिका आधी तयार झाल्या होत्या आणि कादंबरी त्यांच्यामागून लिहिली होती. लेखकांनाही ते जाचलं. म्हणून पुढच्या भागांना त्यांनी क्रम उलटा केला, आधी कादंबरी आणि मग खेळ. दुसरा भाग वाचताना फरक लगेच जाणवतो. पात्रं खोल्यांमधून बाहेर पडतात आणि स्वतःच्या मनाने वागू लागतात.

दुसरी गोष्ट थोडी लाजिरवाणी आहे. या पुस्तकांत बुटक्यांची एक जमात आहे, गटारात राहणारी. त्यांना दोनपुढे मोजता येत नाही. वाचकाने त्यांना हसावं म्हणूनच ते आहेत. मी तेव्हा खूप हसले होते. या वेळी वाचताना हसू आलं नाही. ज्या खोलीत माझ्या उच्चाराला हसत होते, त्याच खोलीत बसून मी या अडाण्यांना हसत होते, आणि दोन्हींचा संबंध मला कधी लागला नव्हता. पुस्तकात त्यांच्यातल्या बुपूशी मायेने वागतो तो एकटा रेस्टलिन, ज्याला स्वतःला लोक हसलेले असतात. हे पानावर तेव्हाही छापलेलं होतं. मला ते दिसलं नव्हतं.

तिसरी गोष्ट टार्सिसची. त्यांच्यात टॅसलहॉफ नावाचा एक उपद्व्यापी छोटा आहे. दुसऱ्यांच्या वस्तू आपोआप त्याच्या पिशव्यांत ‘सापडतात’. (आपल्या वर्गात असा कोण होता, ते मी सांगत नाही. तो हसतोय.) त्याच्याजवळ नकाशांचा ढीग असतो. नकाशात टार्सिस हे बंदर आहे म्हणून सगळे जहाज पकडायला तिथे जातात. पोचल्यावर बघतात तर समुद्रच नाही. तीनशे वर्षांपूर्वीच्या प्रलयात तो हटला, आणि जहाजं वाळूत रुतून उभी आहेत. नकाशा खोटा नव्हता, जुना होता. काल एसटी स्टँडवर उतरले तेव्हा माझं तसंच झालं. भेळेचा गाडा कुठे, सायकलचं दुकान कुठे, मी शोधतेच आहे. आणि माणसांचेही जुनेच नकाशे घेऊन आले होते. हा ढ, ती लाजाळू, तो मवाली. सकाळपासून एकेक नकाशा फाडतेय.

चौथी गोष्ट दोन माणसांची. स्टर्म नावाचा एक सरदारपुत्र आहे. बापाची तलवार आणि चिलखत घेऊन फिरतो, आणि ज्या पंथाची लोकांत पत राहिलेली नाही त्याचे नियम पाळतो. शेवटी किल्ल्याच्या तटावर एकटा उभा राहतो, आतल्या लोकांना तयारीला वेळ मिळावा म्हणून. ड्रॅगनवर बसून त्याच्यावर चालून येते ती किटियारा, सराईत न आलेली जुनी मैत्रीण. तिच्या हातून तो मरतो. एकोणीसाव्या वर्षी मला तो हट्टी, बावळट वाटला होता. आता वाटतं, ज्या गावाच्या कचेरीवर १९४२ च्या डिसेंबरात तरुण पोरं चालून गेली आणि सात जण परत आली नाहीत, त्या गावच्या मुलीला तरी हे आधी कळायला हवं होतं.

आणि कॅरमन. पुढच्या तीन पुस्तकांत युद्ध संपलेलं आहे. ज्याला उचलायचं तो भाऊ निघून गेलाय, आणि कॅरमन दारू पिऊन पोट सुटून बसलाय. रेस्टलिनला देव व्हायचंय. कॅरमन योगायोगाने पुढच्या काळात जाऊन बघून येतो, की भाऊ जिंकला तर काय होतं. सगळं जग मेलेलं आहे आणि हा एकटा त्यावर राज्य करतोय. परत येऊन तो भावाला ते सांगतो. आणि तो अहंकारी जादूगार त्या मठ्ठ भावाचं ऐकतो. आपली काठी त्याच्या हातात देतो आणि त्याला बाहेर काढण्यासाठी स्वतः मागे थांबतो. मी जेवणाच्या टेबलावर रात्री दीडला रडत होते.

आता चिंचेखाली येऊ.

नववी. आपल्यातल्या चौघी मधल्या सुट्टीत चिंचेखाली बसायच्या. ‘चंद्रकांता’चं वारं होतं. भूगोलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर भुदरगडाचा नकाशा काढला होता. वेदगंगा, गडाची वाट, भैरवनाथाचं देऊळ, ते पांढरट पाण्याचं तळं. आमच्यातली एक सांगायची, “तू तळ्याकाठी आलीस. पाण्यात काहीतरी हललं. काय करतीस?” मग आपण सांगायचं, आणि ती चार फोडलेले चिंचोके टाकायला लावायची. पांढऱ्या बाजू किती पडल्या त्यावर ती पुढची गोष्ट सांगायची. एकदा बाईंनी वही जप्त केली आणि दुसऱ्या दिवशी परत दिली. नकाशाखाली लाल शाईने लिहिलं होतं, ‘उत्तर दिशा दाखवलेली नाही.’ बाई, तुम्ही इथे समोर बसला आहात. दिशा दाखवायची राहिली ती अजून दाखवली नाही.

बघा, वीस बाजूंचा फासा आम्ही कुणी पाहिला नव्हता. सूत्रधार हा शब्दही त्या अर्थाने माहीत नव्हता. पण गेल्या वर्षी मुलाच्या टेबलावर बसल्यावर मला कळलं, की हा खेळ मी आधी खेळले आहे, आणि शिकवणारी पोरगी आमच्या बाकावर बसत होती.

तिचं नाव मी घेत नाही. तुम्हाला ते माहीत आहे. दहावीला तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. अकरावीला ती आली नाही. घरी धाकटी भावंडं होती आणि ठरवणारी माणसं दुसरी होती. १९९९ साली मला होस्टेलवर तिचं आंतरदेशीय पत्र आलं. लग्न ठरलंय, तू ये, नाही आलीस तर पत्र तरी पाठव. माझी परीक्षा होती, हे खरं आहे. पण परीक्षा संपल्यावरही मी लिहिलं नाही, हेही खरं आहे. तिच्याशी काय बोलायचं हे मला समजेना. मी तिकडे भोवऱ्यातून निसटले होते आणि मागे वळून बघायचं धाडस नव्हतं. यापूर्वी दोनदा असे मेळावे झाले. दोन्ही वेळा मी ग्रुपवर निरोप टाकला, काम आहे, जमत नाही. इतकी वर्षं मी स्वतःला रेस्टलिन समजत होते. परत वाचताना लक्षात आलं, मी किटियारा होते.

मागच्या आठवड्यात नंबर मिळवून तिला फोन केला. ती आपल्याच तालुक्यात अंगणवाडी चालवते. म्हणजे इतकी वर्षं ती पोरांना गोष्टीच सांगते आहे. मी सगळं घडाघडा सांगितलं, खेळ, पुस्तक, मुलगा. म्हटलं, “आठवतंय का, मी सेनापती होते, तळ्यातला राक्षस मी मारला होता?”

ती हसायलाच लागली. “तू कुठली मारतीस! तू मेली होतीस की गं तळ्यात. चारी चिंचोकं काळी पडली. तू रडाय लागलीस, मग मीच म्हटलं, टाक परत.”

मी तीस वर्षं सांगत होते की राक्षस मी मारला. मी मुलालाही तसंच सांगितलं होतं.

मी प्रोग्रॅम लिहिते. त्यात एकदा अट लिहिली की यंत्र ती पाळतं. चारी काळे म्हणजे मेलीस, विषय संपला. नियम कुठे वाकवायचा हे समोरच्याचा चेहरा बघून ठरवावं लागतं, आणि ती चौदा वर्षांची असताना ते जाणत होती. आपल्यातले जे बाहेर गेले, मोठे झाले, त्यांनी आपापल्या तळ्याकाठी एकदा नीट आठवून बघावं. चिंचोके परत कुणी टाकू दिले? कुणी एसटीत जागा धरली, कुणी वह्या दिल्या, आपण तिकडे असताना आपल्या आई-बापांना दवाखान्यात कुणी नेलं? त्यातले बरेच जण आज इथे मांडवाची, जेवणाची व्यवस्था बघताहेत आणि त्यांची भाषणं कार्यक्रमपत्रिकेत नाहीत.

तो फ्लिंट, गारगोटी नावाचा म्हातारा, तिसऱ्या भागात हृदय बंद पडून जातो. लढाईत नाही. त्याला आयुष्यभर छळणारा टॅसलहॉफ मग वेड्यासारखा रडतो. आपल्याही तुकडीतले काही जण आज नाहीत. त्यांच्यासाठी सकाळी आपण उभे राहिलो होतो. म्हणून माझी एकच सूचना आहे. सराईतल्या त्या मित्रांसारखं आपणही पाच वर्षांनी इथेच भेटायचं ठरवू. आणि कुणी नुसता निरोप पाठवला, तर त्याला सोडायचं नाही, फोन करायचा.

ती आज आली आहे. तिसऱ्या रांगेत, खिडकीजवळ. काल संध्याकाळी मी चिंचेखालून चार चिंचोके वेचून, फोडून ठेवलेत. जेवण झाल्यावर चिंचेखाली बसणार आहोत. सांगणार तीच. ज्यांना खेळायचं असेल त्यांनी या, पात्रं कमी आहेत.

आणि बाई, तुम्हीही या. उत्तर दिशा दाखवायची राहिली आहे.